नऊ नंबरच्या दोन रिंगा

१८ नोव्हेंबर

ताई,

पाकीट बिनधास्त उघड, या वेळी आत मिरपूड नाही. तुमच्या मदत संस्थेच्या ऑफिसातल्या चष्मेवाल्याने मला तंबीच दिलीये. म्हणाला, "मागच्या खेपेला तुमच्या पाकिटामुळे आमची अख्खी टपालाची थैली शिंकत शिंकत गेली." मी म्हटलं, वेळेवर पोचली ना? तर चष्मा काढून पुसत बसला.

इथे थंडी पडलीये. नळाचं पाणी हाताला चावतं. आई एकावर एक इतके कपडे घालते की ती खोलीत येते तेव्हा आधी कपडे येतात आणि मागून आई. बाबा हीटरपुढच्या खुर्चीत. खोकला आहे. तू नर्स आहेस, तुला काय सांगू? खाली जिन्यात पाय पडला की वर कोण येतंय ते चालीवरून ओळखायचो आपण, आता बाबा येताना चाल ऐकूच येत नाही, नुसता श्वास येतो. छातीत डाव्या बाजूला पाणी झालंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, थंडी वाढायच्या आत भरती व्हा, छोटंसं ऑपरेशन आहे, नळी घालून काढून टाकते. बाबा म्हणतात, "उन्हाळ्यात बघू." जसं काही पाणी वाळूनच जाणार आहे.

हे मी तुला सांगितलेलं नाही. घरात हुकूम आहे, "तिला काही कळवायचं नाही." मी कुठे कळवतेय? मी थंडीबद्दल लिहितेय.

आता माझी बातमी. मला समाजसेवा लागली. हसू नकोस, शिक्षा म्हणून लागलीये. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक केंद्र निघालंय, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. चालवतात आपल्या शाळेच्या पीटीच्या बाई, अजून गळ्यात शिट्टी घालून फिरतात. मी गंमत म्हणून शिट्टीबाईंचा आवाज काढून सगळ्या स्वयंसेवकांना फोन केले, "आज सुट्टी, घरी जाऊन झोपा." आवाज इतका झकास जमला होता की चुकून शेवटचा फोन खुद्द शिट्टीबाईंना लागला, तर त्या पण म्हणाल्या, "बरं बाई." आणि मग जी शिट्टी वाजलीये! म्हणाल्या, "तुझं डोकं रिकामं आणि बोटं शिवशिवतात. उद्यापासून तू रोज सकाळी फोन करायचे."

तर काम असं. सकाळी सात वाजले की प्रत्येक म्हाताऱ्याला फोन लावायचा, दोन रिंगा वाजू द्यायच्या आणि कापायचा. समोरच्याने लगेच उलट दोन रिंगा द्यायच्या. म्हणजे रात्र नीट गेली, माणूस उठलंय. उलट रिंग आली नाही तर कुणीतरी जाऊन दार ठोठावायचं. बोलायचं नाही, बोललं की एकेकाचा अर्धा तास जातो. शिट्टीबाईंनी याला नाव दिलंय खुशालीची फेरी.

आणि आता माझं एक काम कर. तू लिहिलं होतंस ना, तिकडे छावणीत सकाळी पाण्याच्या टाकीमागे उभं राहिलं की फोनला थोडा वेळ रेंज येते, पण बोलायची परवानगी नाही, ॲम्ब्युलन्ससाठी लाइन मोकळी ठेवावी लागते? बोलू नकोस. तुला एका अनोळखी नंबरवरून दोन रिंगा येतील. तू उलट दोन द्यायच्या. एक गृहस्थ आहेत. तब्येतीने किरकोळ, स्वभावाने खडूस. त्यांना कुणी नाही असं नाही, पण त्यांना तसं वाटतं. जास्त चौकशा करू नकोस.

तुझी,
जिचं पाकीट उघडताना तू घाबरतेस ती

३ डिसेंबर

ताई,

जमलं! पहिल्याच सकाळी तुझ्या दोन रिंगा आल्या. गृहस्थांना तू नऊ नंबर आहेस. आमच्याकडे नावं नसतात, फोनमध्ये सगळ्यांचे नंबर टाकलेले, एकेक बटण दाबलं की झालं. गृहस्थांनी फोन कानाला लावला तो दोन रिंगा झाल्या तरी काढेनात. मी म्हटलं, कापा. कापला. मग उलट रिंग आली तेव्हा फोनकडे असं बघत बसले, जसं काही आत पिक्चर चालू आहे.

मग विचारलं, "हा नऊ नंबर राहतो कुठे?"

मी म्हटलं, "पाण्याच्या टाकीमागे." खोटं नाही बोलले!

"लांब आहे," गृहस्थ म्हणाले.

घरची बातमी म्हणजे बाबासुद्धा स्वयंसेवक झाले. मी केंद्राचा बटणांचा फोन घरी आणला, त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, शिट्टीबाईंकडे माणसं कमी आहेत, थोडे नंबर तुम्ही करा.

"मी आजारी आहे."

"फुप्फुसं आजारी आहेत. बोटांना काय धाड भरलीये?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तोंड सांभाळ गं," पण हसत म्हणाली.

आता रोज सकाळी सातच्या आधीच बाबा दाढी करून तयार. फोनवर कोण बघणारेय दाढी? पण नाही. पंख्याने खाल्लेलं ते अर्धं बोट आहे ना त्यांचं, त्यानेच बटणं दाबतात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते तेव्हाही म्हणे त्याच बोटाने खटके पाडायचे. परवा सांगत होते, ट्रंक कॉल लागला की ऑपरेटरने फक्त "बोला" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. अख्खं आयुष्य लोकांना "बोला" म्हटलं या माणसाने आणि घरात स्वतः काय बोलले? "गेलीस तर इथे फोन करू नकोस." आणि तू पण शहाणी, "बरं, नाही करणार." तुम्हा दोघांच्या नाकावरचा राग विकायला काढला तर हीटर घ्यायची गरज पडणार नाही आपल्याला.

एक सात नंबरच्या आजी आहेत, त्या रोज तीन रिंगा देतात. आधी आमची पळापळ झाली, तीन म्हणजे काय? पडल्या का? मी धावत गेले, तर आजी मोजे घालून आरामात चहा पितायत. म्हणाल्या, "दोन माझ्या खुशालीच्या. तिसरी तुमची विचारपूस. तुमची कुणी करतं का?" शिट्टीबाई म्हणाल्या, नियमात बसत नाही. बाबा म्हणाले, "असू दे." बाबा! "असू दे"!

आणि ऐक. रेडिओ दिवसभर चालू असतो. मी खोलीत गेले की ते पटकन हवामानावर लावतात. पण मी दाराबाहेर उभी राहून ऐकते ना. तुमच्या बाजूचीच लढाई असते. कुठला रस्ता बंद झाला, कुठल्या देशाने काय धमकी दिली, कोण कुणाशी बोलणी करायला तयार नाही. परवा म्हणाले, "दोन्हीकडचे म्हणतायत, आधी त्यांनी फोन करावा." आई म्हणाली, "लढाईचं सांगताय ना?" बाबांना असा काही ठसका लागला म्हणून सांगू!

गृहस्थ खूश आहेत. रिंगा देत राहा.

तुझी,
समाजसेविका (मजबुरीने)

२२ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र आलं. माझ्या मागच्या पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका वेगळ्या कागदावर लिहून पाठवल्याबद्दल आभार, तो कागद मी शेगडी पेटवायला वापरला. पण तू असं का विचारलंस, की ते गृहस्थ थंडीत कान झाकतात का, आणि हातमोजे घालतात की नुसते हात काखेत घालून बसतात? तुला काय करायच्यात परक्या माणसाच्या काखा?

बरं, मला खरं बोलावं लागणारेय. मला सवय नाही, त्यामुळे एकदम बोलते. गृहस्थ म्हणजे बाबा.

मला वाटलं होतं, बाबांना कळू न देता रोज तुझी खुशाली मिळेल, तुला कळू न देता त्यांची. फोन करू नकोस म्हणाले होते, रिंग देऊ नकोस असं कुठे म्हणाले होते? एवढी भारी आयडिया मला शाळेत सुचली असती तर इंग्रजीत दोनदा गचकले नसते.

पण माझीच आयडिया माझ्यावर उलटलीये. काल डॉक्टरीणबाई घरी आल्या. छातीला नळी लावून बरंच ऐकलं आणि मग बाबांशी न बोलता आईशी बोलल्या. डॉक्टर असं कधी करतात ते तुला माहितीये. म्हणाल्या, पाणी वाढलंय, या थंडीत न्यूमोनिया झाला तर मग मला काही करता येणार नाही. लगेच भरती करा.

बाबा म्हणाले, "मग फेरी कोण करणार?"

"मी करेन की," मी म्हटलं.

"तू उठतेस का सातला?"

"तुमच्यासाठी उठेन."

"आठ नंबरपर्यंत तू कर," बाबा म्हणाले. "नऊ मीच करणार. हॉस्पिटलात सकाळी फोन घेऊ देत नाहीत. नऊ नंबरला रिंग गेली नाही तर तिकडे जीव टांगणीला लागेल."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नऊ नंबर तुमचे कोण?"

बाबा म्हणाले, "एकटं असतं ते माणूस."

मी खिडकीतून बाहेर बघत उभी राहिले. बाहेर काही नव्हतं, धुकं होतं. ताई, ज्या रिंगेसाठी ते पहाटे उठून बसतात तीच त्यांना हॉस्पिटलात जाऊ देत नाही. आता तूच काहीतरी कर. काय ते मला माहीत नाही. तू मोठी आहेस, मोठ्यांना सुचायला पाहिजे.

तुझी,
आगाऊ

५ जानेवारी

ताई,

हे पत्र कुठे चाललंय मला माहीत नाही. चष्मेवाला म्हणतो, लिहून ठेवा, रस्ता उघडला की थैली जाईल.

वर्षाचा पहिला आठवडा आणि तुझी रिंग नाही. बातम्यांत सांगितलं, तुमच्या बाजूच्या पुलावर बॉम्ब पडला, टॉवर चालू-बंद होतायत, छावणीबद्दल काही कळत नाही. बाबांनी हवामानाचं नाटक सोडलं. आता मी खोलीत असले तरी तेच चालू असतं. आई भांडी घासताना नळ बंद करते, ऐकू यावं म्हणून.

रोज सकाळी बाबा आठ नंबरपर्यंत पटापट करतात. मग नऊचं बटण. मधे कधी फोन लागतच नाही, कधी लागतो. लागला की दोन रिंगांनी कापत नाहीत, वाजू देतात, पार थांबेपर्यंत. मी पण कापा म्हणत नाही.

आज सकाळी त्यांनी मला विचारलं, "नियम काय आहे?"

"कसला?"

"उलट रिंग आली नाही तर."

"कुणीतरी जाऊन दार ठोठावायचं," मी म्हटलं. "पण बाबा, नऊ नंबर लांब..."

"माझे बूट दे."

आई म्हणाली, "अहो, एवढ्या थंडीत? वेड लागलंय का?" पण बाबांनी कोट घातला होता. आईने बघितलं, मग स्वतःचीच शाल त्यांच्या डोक्याला गुंडाळली आणि मला म्हणाली, "हात धर त्यांचा." खाली उतरताना ते प्रत्येक वळणावर थांबत होते आणि मी विनोद करत होते. एकही हसण्यासारखा नव्हता. कोपऱ्यावरच्या बाकावर बसलो, पुढे दुकानाच्या पायरीवर बसलो. मला वाटलं होतं केंद्रात निघालेत. ते निघाले होते तुमच्या संस्थेच्या ऑफिसात. पत्ता मी कधीच सांगितला नव्हता त्यांना.

चष्मेवाल्याने खुर्ची दिली. बाबांना बराच वेळ बोलताच येईना, दम लागला होता. शेवटी म्हणाले, "छावणीची काही खबर?"

"अजून नाही, काका. पण पूल पडायच्या आधी निघालेली एक गाडी लांबून फिरून आज पोचलीये." आणि तो माझ्याकडे वळला, "तुमचं एक पुडकं आहे त्यात."

पुडक्यावर तुझं अक्षर. "त्या गृहस्थांना द्यावे." आत हातमोजे, करड्या लोकरीचे. चिठ्ठीत लिहिलंस की छावणीतल्या एका आजारी बाईने तुला विणायला शिकवलं, टाके सैल आहेत, हसू नये.

बाबांनी माझ्या हातातून घेतले. उजवा घातला. मग डावा. ताई, डाव्याचं एक बोट अर्धंच विणलेलं होतं.

बरोबर बसलं. इकडे तिकडे तसूभर लोंबलं नाही.

तारीख बघितली मी, माझं खरं बोलण्याचं पत्र तुला मिळायच्या आधीची. म्हणजे तुला आधीच माहीत होतं! काय सारवासारव करावी सुचेना, आयुष्यात पहिल्यांदा. बाबा मोज्यातलं ते अर्धं बोट हलवून बघत होते.

"तुझ्या नऊ नंबरला माझं बोट बरं माहितीये," म्हणाले.

"बाबा, मी सांगणारच होते..."

"काय सांगणार होतीस? अगं, मी एक्स्चेंजमध्ये म्हातारा झालो. आपल्याकडे फोन लावला की रिंग जोडीने ऐकू येते. ट्रिंग ट्रिंग, मग थांबते. ही एकटी वाजते, लांबलचक, आणि वाजण्याआधी मधे पोकळी असते. मला न कळायला काय झालं? पहिल्या सकाळीच कळलं, हा कॉल देशाबाहेर चाललाय."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढी खटपट केली होतीस," बाबा म्हणाले. "मोडवेना."

म्हणजे बघ. तुला माहीत, त्यांना माहीत, आईला तर मला वाटतं आमच्या आधी माहीत. या घरात फसवली गेली ती एकटी मी. मी जन्मभर लोकांच्या खोड्या काढल्या आणि तुम्ही दोघांनी मिळून एकमेकांशी एक शब्द न बोलता मला उल्लू बनवलंत.

मला राग आलाय. तो ऐकायला तू जागेवर असायला पाहिजेस. कळलं? रिंग दे. एक दे, अर्धी दे, चुकीच्या वेळी दे.

तुझी

११ जानेवारी

ताई!

तू काय केलंस ते तुला माहीत आहे. इकडे काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहितेय.

परवा सकाळी. बाबा मोजे घालून खुर्चीत. आठ नंबर झाला. त्यांनी नऊचं बटण दाबायला बोट ठेवलं आणि दाबायच्या आधीच फोन वाजला. आई हातात पातेलं घेऊन तशीच आली. एक. दोन. बाबांनी डोळे मिटले. आणि तिसरी! मग बंद.

मी उड्या मारल्या. खालच्या मजल्यावरच्यांनी काठीने छत ठोकलं, मी आणखी मारल्या. आईने पातेलं खाली ठेवलं आणि त्याच्या शेजारी जमिनीवरच बसली.

बाबा म्हणाले, "तीन दिल्या."

"सात नंबरच्या आजींसारख्या," मी म्हटलं. "मी लिहिलं होतं तिला. दोन स्वतःच्या खुशालीच्या, तिसरी..."

"माहितीये तिसरी कसली ते." मोज्याचं अर्धं बोट ओढून नीट बसवलं. मग म्हणाले, "विचारलंय तर उत्तर द्यायला पाहिजे. आणि खोटं कळवायचं नाही. डॉक्टरीणबाईंना फोन लाव. म्हणावं, येतो."

एवढंच. डॉक्टरीणबाईंनी घसा कोरडा केला, आईने देव पाण्यात ठेवले, मी सगळी अक्कल पाजळली आणि तुझ्या एका जादा रिंगेने काम केलं.

संध्याकाळी भरती केलं. वॉर्डात सकाळी फोन चालत नाही. मी शिट्टीबाईंना सांगितलं, त्या स्वतः आल्या, गळ्यात शिट्टी, आणि वॉर्डच्या मुख्य नर्सपुढे उभ्या राहिल्या. काय बोलल्या मला ऐकू आलं नाही, पण नर्स त्यांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली आणि सरळ ताठ उभी होती. फोन मिळाला.

काल सकाळी ऑपरेशनच्या आधी बाबांनी खाटेवर बसून फेरी केली. आई पायाशी, मी उशाशी. नऊ नंबरला त्यांनी तीन रिंगा दिल्या. तू उलट दिल्यास. एक वाजली. दुसरी वाजताना त्यांनी फोन कापला असं मला वाटलं. पण त्यांनी उचलला होता.

तिकडे तू काय ऐकलंस ते तुला ठाऊक. "बोला," एवढंच ना? त्यांच्या त्या जुन्या आवाजात, एक्स्चेंजच्या. तू काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही. मी काय बघितलं तेवढं सांगते. अख्खं आयुष्य "बोला" म्हणून जो माणूस बाजूला व्हायचा, तो या वेळी बाजूला झाला नाही. फोन दोन्ही हातांनी धरला होता, मोज्यांसकट, आणि मान हलवत होते, जसं काही तू समोर बसलीयेस. "हो," म्हणाले. मग "हो गं." मग म्हणाले, "आधी तू नीट राहा, मग मला सांग." आणि लाइन गेली. आई म्हणाली, "मला द्यायचा होता ना!" बाबा म्हणाले, "ॲम्ब्युलन्सची लाइन आहे ती, अडवून ठेवायची नसते." डोळे पुसायला मोजा वापरला. लोकर टोचली असणार, पण बोलले नाहीत.

ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा या खेपेला आमच्या सगळ्यांशी बोलल्या. पाणी काढलंय, फुप्फुस उघडलंय. थोडे दिवस नळी राहील, थंडी सांभाळावी लागेल, पण चिंता नाही. शुद्धीवर आल्यावर बाबांनी पहिलं काय विचारलं असेल? "सात नंबरने किती दिल्या?" मी म्हटलं, तीनच. म्हणाले, "मग ठीक."

घरी येताना जिन्यात पाय वाजवून दाखवणार आहेत म्हणे, आम्हाला ऐकू यायला पाहिजे. सोडायला अजून वेळ आहे, पण बेत आतापासून चालू आहेत. रेडिओवर म्हणतायत, दोन्हीकडचे बोलायला बसणार आहेत. बाबा म्हणतात, बसतील, आधी कुणीतरी रिंग द्यावी लागते.

हे सगळं मी त्यांच्या खाटेशेजारी बसून लिहितेय. त्यांनी पाकीट मागून घेतलं, म्हणाले, "दे, मी बंद करतो, तू थुंकी फार लावतेस." तोंड तिकडे करून बराच वेळ काहीतरी करत होते आणि आई उगाच हसत होती.

तुझी,
उल्लू बनलेली धाकटी

ता. क. पाकीट मी परत उघडलं, काय ते बघायला. त्यामुळे हे शिंकता शिंकता लिहितेय. या खेपेची मिरपूड माझी नाही. बाबांची आहे.